पाच कप्प्यांची फाईल

आमच्या गल्लीत कोणी पिशवी घेऊन निघालं, की नानांच्या घरापुढून जाताना पावलं भरभर टाकतं. कारण नाना ओट्यावर बसलेले असतात आणि हटकून विचारतात, "चाललात? बरं, कोणत्या दृष्टिकोनातून?"

नाना जळगावात कॉलेजात पर्यटन शिकवायचे. माणसं फिरायला का जातात हे शिकवायला कॉलेज लागतं, हे मला त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागल्यावर कळलं. स्वतः नाना फिरायला कधी गेले नाहीत. गेले ते फिरणाऱ्यांना बघायला, प्रश्नांचे फॉर्म घेऊन. फैजपूरला लग्नाला निघालेला शेजारी रिक्षात चढत होता, त्याला ते म्हणाले, "भाऊ, तू पर्यटक नाहीस, तू वऱ्हाडी. तुझा फॉर्म भरता येत नाही."

"सुटलो," म्हणून भाऊ आत बसला.

भरलेल्या फॉर्मसाठी त्यांची एक जाडजूड फाईल आहे. तिला पाच कप्पे: भूगोल, इतिहास, अर्थ, समाज आणि मन. जगातला कुठलाही प्रवास यातल्या एका कप्प्यात बसतोच, असं नानांचं म्हणणं.

एकदा शेजारच्या विमलअक्का उनपदेवला निघाल्या होत्या. तिथे गरम पाण्याचा झरा आहे. नानांनी त्यांना ओट्याशीच धरलं. "हे बघा, भूगोलवाला विचारेल, पाणी गरम का? इतिहासवाला विचारेल, कधीपासून गरम? अर्थवाला बघेल, झऱ्यापाशी चहाच्या टपऱ्या किती. समाजवाला बघेल, पाण्यात आधी कोण उतरतं, मागून कोण. आणि मनवाला विचारेल, घरी बंब असताना इतक्या लांब आलात कशाला?"

विमलअक्का दोंडाईचाकडच्या, तोंडाच्या खमक्या. "नाना, मना गुडघा दुखतस, म्हनीसनी जाई राहिनू!"

"वा! मन की भूगोल?" नाना विचारात पडले. तेवढ्यात बस गेली.

नानांच्या बायकोचेही गुडघे दुखायचे. त्यांना मी काकू म्हणायची. नाना कॉलेजच्या पोरांना घेऊन कितीदा उनपदेवला अभ्यासाला गेले, आणि दर वेळी काकू मागे लागायच्या, "मलाही न्या हो. एका कोपऱ्यात पाय सोडून बसेन." नाना म्हणायचे, "अभ्यासाच्या वेळी नको. घरच्या माणसाचं उत्तर अभ्यासात धरत नाहीत. पुढच्या खेपेला नुसते जाऊ." काकू मला चुलीपाशी हसून सांगायच्या, "बाई, मी यांच्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही."

ती पुढची खेप आली नाही. काकू गेल्या, त्याला आता चार हिवाळे झाले.

या हिवाळ्यात नाना एकदम मला म्हणाले, "तुम्ही कधी फिरायला गेलाय?"

मी भाकरी थापत होते. मान हलवली. नाही.

"कधीच नाही? अहो, मग तुम्ही कोऱ्या पर्यटक! असं माणूस आता मिळत नाही!" त्यांनी अशा आनंदाने सांगितलं, की मला ते बक्षीसच वाटलं. दोन दिवसांनी मी, विमलअक्का आणि नाना उनपदेवच्या वाटेला लागलो. मला खिडकीजवळ बसवलं होतं. वाटेत केळीच्या बागा दिसल्या, तर नाना लगेच पेन उघडून, "काय वाटलं? लगेच सांगा, विचार करू नका!" मला चारचौघांत बोलायला होत नाही. मी पदर तोंडाला लावून बसले. विमलअक्का म्हणाल्या, "तिले केळी वाटन्यात! आखो काय वाटी?"

झऱ्यावर पोचलो. आम्ही दोघी पाण्यात पाय सोडून बसलो. मी काही बोलेना, तेव्हा नानांनी फाईलमधून एक फॉर्म काढून माझ्या हातात दिला. "बोलू नका. लिहा." आणि ते लांब जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी चौथी शिकले आहे, सावकाश वाचते. कागद जुना होता, घड्यांवर पिवळा पडलेला. छापलेल्या प्रश्नांच्या खाली नानांच्या अक्षरात आणखी चार प्रश्न होते.

बसमध्ये खिडकी मिळाली का?

पाणी फार कढत नाही ना?

गुडघ्यांना बरं वाटलं का?

सोबत कोण आलं होतं?

माझे गुडघे चांगले आहेत. नानांना ते माहीत आहे. मी काकू म्हणायच्या तशी एका कोपऱ्यात सरकून बसले. मग छापलेले प्रश्न सगळे सोडून दिले आणि खालचे लिहिले. खिडकी मिळाली. पाणी सोसवेल एवढंच आहे. गुडघ्यांना फार बरं वाटलं. चौथ्यापाशी पेन अडलं. मग लिहिलं, तुम्ही.

नानांनी परतीच्या बसमध्ये तो कागद वाचला. एवढा मोठा प्रोफेसर, पण मी भाकरीचा हिशेब लिहून ठेवते तेवढ्या चार ओळी वाचायला त्यांना अर्धा रस्ता लागला. मग त्यांनी फाईल उघडली. भूगोल पाहिला, इतिहास पाहिला, पाचही कप्पे चाळले आणि फाईल मिटली. कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

विमलअक्कांनी पाहिलंच. "काय नाना, हाऊ कागद कोणता कप्पामा जाई?"

नाना बाहेर केळीच्या बागांकडे बघत होते. "हा नाही धरत," ते म्हणाले, "घरचा आहे."