एका कुकरचे दोन साहेब

घरगुती वस्तूंच्या दोन दुकानांची तीन होणार म्हटल्यावर मालक कसल्याशा शिबिराला जाऊन आले. आल्या आल्या त्यांनी बायकोला समजावलं की नेता वेगळा आणि व्यवस्थापक वेगळा. नेत्यानं दिशा दाखवायची, व्यवस्थापकानं घडी बसवायची. तर आपण नेता. इतकी वर्षं घडी कोण बसवत होतं, एवढंच मालकीणबाईंनी विचारलं आणि त्या कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी नेत्यानं दिशा दाखवली: गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. त्याच सकाळी मालकीणबाईंनी गल्ल्यामागे पाटी लावली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दोघांनीही आपापलं फर्मान मामांना वेगवेगळं बजावलं. मामा म्हणजे दुकानातले सर्वांत जुने विक्रेते. तिसरं दुकान त्यांच्या हाती द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. फक्त दोघांपैकी एकाचीही तक्रार येता कामा नये. मामांनी वसा घेतल्यासारखी दोन्ही फर्मानं उचलली.

थोड्याच वेळात एक काकू नवाकोरा कुकर परत घेऊन आल्या. झाकण बसत नव्हतं. मामा 'नाही' म्हणाले नाहीत. कुकर घेतलाही नाही. त्यांनी काकूंना विकायच्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

"मग घेताय ना परत?"

"बसा ना काकू. पंख्याचं वारं लागतंय का?"

काकूंमागून गळक्या बादलीवाले गृहस्थ आले, मग दांडी निखळलेली छत्री आली. तेही बसले. पाण्यामागून चहा आला. दुपारपर्यंत साऱ्या खुर्च्या भरल्या. नवी गिऱ्हाइकं दाराशी थबकत आणि एवढी माणसं गप्प बसलेली पाहून हळूच मागे फिरत. एकजण तर चपला बाहेर काढून आत आला, मामांचा हात हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि काही न विचारता निघून गेला.

मालक-मालकीण दुसऱ्या दुकानातून परतले ते या बैठकीतच. काकूंनी मालकांना गाठून कुकर त्यांच्या हातात कोंबला.

"नाही हो काकू," मालकांच्या तोंडून आपसूक निघालं, "असा माल परत घेत बसलो तर दुकान उठेल."

मालकीणबाईंनी झाकण बसवून पाहिलं. बसेना. "अहो, माणसाला नाही कसं म्हणायचं? नवा द्या त्यांना."

मामा आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिले. काकू नवा कुकर घेऊन गेल्या, बादली आणि छत्रीही बदलून मिळाली. संध्याकाळी मामांना बोलावणं आलं. तुम्ही नेमकं ऐकता कुणाचं, असं दोघांनी एकदमच विचारलं.

तिसरं दुकान आता हातचं गेलं, हे धरूनच मामा बोलले. "दुकान मी सांभाळीन. पण तिथं साहेब एकच द्या. दादा या, नाहीतर वहिनी या. कुणीही चालेल."

मागणी रास्त होती. दोघांनी ती तिथल्या तिथे मान्य केली. कुणी जायचं ते घरी बोलून ठरवू म्हणाले.

तिसरं दुकान उत्तम चाललं आहे. घरी बोलणं अजून चालू आहे.