टेपचं टोक

मोजणीवाल्यांनी काळ्या टेपचं टोक नखानं उचललं, तेव्हा त्यांचा हेतू अगदी साधा होता. कुणीतरी यावं.

त्यांची खोली तळघरात. तिथं पाण्याचे नमुने यायचे आणि त्यांत किरणोत्सार आहे का, ते यंत्र मोजायचं. यंत्राच्या पोटात एक स्फटिक. किरण त्यावर आदळला की तो काजव्याहूनही अंधुक लुकलुकायचा. शेजारची नळी तो उजेड टिपून त्याची वीज करायची, वाढवायची आणि पडद्यावर आकडा चढायचा. इतक्या बारीक गोष्टीची दखल घेणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तर यंत्र टेपनं गच्च गुंडाळलेलं असे. बाहेरचा उजेड आत शिरला, तर ते बिचारं त्यालाही किरण समजून मोजत बसे.

आकडा बिघडला की गावोगाव फिरणारे एक दुरुस्तीवाले गृहस्थ यायचे. थर्मासमधला चहा अर्धा अर्धा करायचे, लॉजच्या गाद्यांना शिव्या घालायचे. बायको गेल्यापासून मोजणीवाल्यांशी ‘नमुना ठेवलाय’ याहून लांब वाक्य बोलणारा हा एकच माणूस. मुलगा फोन करायचा, पण हवापाणी विचारून झालं की फोनही संपायचा.

आकडा जरासा हलेल, असा त्यांचा हिशेब होता. तो उड्या मारत सुटला. वर साहेबांच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, भोंगा वाजला आणि अख्खी इमारत आवारात उतरली. मोजणीवाले सगळ्यांत शेवटी बाहेर आले, तशी गर्दी मागे सरकली.

“तिथंच थांबा हं,” हिशेबखात्यातल्या बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होत्या.

“अहो, मला काही झालेलं नाही.”

“बरं बरं. पण तिथूनच सांगा.”

माणूस मिळवायला निघालेले मोजणीवाले आवाराच्या मधोमध एकटे उभे राहिले. खरं सांगावं तर नोकरी जाणार.

“दुरुस्तीवाल्याला बोलावलंय,” साहेब लांबूनच म्हणाले. “पण हे शेवटचं. पुन्हा बिघडलं तर यंत्र भंगारात आणि त्याचं कंत्राटही बंद.”

दुरुस्तीवाले आले. हातातलं छोटं मीटर मोजणीवाल्यांच्या अंगावरून फिरवून “काही नाही, चला” म्हणत ते त्यांना खाली घेऊन गेले आणि खोलीतला दिवा त्यांनी बंद केला. आकडा धपकन खाली बसला.

“उजेड शिरतोय.” त्यांनी टेपवरून बॅटरी फिरवली. “हे तुमचं काम ना? नखाची खूण आहे.”

मोजणीवाल्यांनी कबुलीची मान हलवली. अंधारात ते त्यातल्या त्यात सोपं जातं.

“बऱ्याच दिवसांत आला नव्हतात तुम्ही,” ते म्हणाले.

दुरुस्तीवाल्यांनी तिथं नवी टेप चिकटवली, दिवा लावला. आकडा पुन्हा चढला.

“आता मी हातसुद्धा लावला नाही हो.”

“ते तुमचं नाही.” दुरुस्तीवाले यंत्राच्या मागे वाकले. “ते माझं. दर खेपेला इथली टेप जरा सैल ठेवतो. काही महिन्यांनी आपोआप सुटते. नाहीतर इकडे यायचं कारण ऑफिसला काय सांगू?”

दोघांनी आपापल्या बाजूनं दार किलकिलं ठेवलं होतं. उजेडानं तरी किती आवरावं.

मग दोघांनी मिळून टेप लावली. लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता, शिवाय कंत्राटाचा. आकडा जागचा हलेना.

“झालं,” दुरुस्तीवाले पडल्या आवाजात म्हणाले. “आता वर्षानुवर्षं बघायला नको.”

दोघांनी थर्मासमधला चहा अर्धा अर्धा करून संपवला.

“आमच्या घरची ट्यूब लुकलुकते,” मोजणीवाले म्हणाले.

“कधीपासून?”

“येत्या रविवारपासून.”

रविवारी दुरुस्तीवाले हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले. स्टार्टर सकाळीच सैल करून ठेवलेला होता. दुरुस्तीवाल्यांनी ट्यूबखाली खुर्ची ओढली, वर पाहिलं आणि चढायच्या ऐवजी खुर्चीत बसले.

“असू दे लुकलुकत,” ते म्हणाले. “एवढ्यात दुरुस्त केली तर निघावं लागेल.”