अस्मिता मॅडमची उंच टीम

खारघरच्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमची निवड झाली, आणि अस्मिता मॅडमनी गेल्या वर्षीची सगळी टीम बाकावर बसवली. कॅप्टन अबोलीसकट.

"मॅडम, माझं काय चुकलं?" अबोली रडवेली झाली होती.

"चुकलं कुणाचंच नाही गं. गेल्या वर्षी आपण वाऱ्यासारख्या पळालो. पण रिंगपाशी पोचून बॉल आत जायचा नाही, आणि उडालेला बॉल वाशीच्या त्या उंच मुली डोक्यावरून न्यायच्या. यंदा मला उंची पाहिजे आणि हात पाहिजे."

उंची कॅन्टीनमध्ये सापडली. राजनंदिनी सहा फूट होती आणि तेवढीच लाजाळू.

"मॅडम, मला खेळता न्हाई येत."

"हात वर करता येतो?"

तिनं केला, तो थेट ट्यूबलाइटला लागला. मॅडमनी तिथल्या तिथे तिचं नाव पक्कं केलं.

हात होता जयमालाचा. ती कुठूनही बॉल टाकायची आणि तो जाळीत पडायचा. फक्त त्यासाठी तिला हलवायचं नाही, ही अट होती. जिना चढूनही तिला धाप लागायची.

सराव बघायला प्रिन्सिपॉल जयप्रकाश सर आले आणि बराच वेळ उभे राहिले. "मॅडम, सुरू कधी होणार?"

"सर, सुरू आहे."

सरांनी रुमाल काढून घाम पुसला. मॅडमनाही त्या रात्री जेवण गेलं नाही.

पहिलीच मॅच वाशीच्या टीमशी पडली. मैदानात समोरची टीम बघून मॅडमना वाटलं, आपण चुकीच्या कोर्टवर आलो. उंच मुली गायब! त्यांच्या जागी बुटक्या, चपळ, पारा सांडावा तशा पोरी. त्यांनी हातातला बॉल पळवायचा सपाटाच लावला. राजनंदिनी तर बॉल गेला की पळवणारीलाच "सॉरी हां" म्हणत होती. जयमाला कमरेवर हात ठेवून उभी होती, कुणीतरी बॉल आणून देईल या आशेवर.

पण बॉल आणणार कोण? मॅडमनी बाकाकडे पाहिलं. अबोली मान फिरवून बसली होती.

"अबोली, जातेस?"

"पाय नकोत ना तुम्हाला?"

"चुकलं माझं. जा बाई."

अबोली सुटली. पोरींच्या घोळक्यातून तिनं बॉल काढला आणि जयमालाच्या हातात दिला. जाळी हलली. चुकलेला प्रत्येक बॉल राजनंदिनी नुसता हात वर करून झाडावरच्या कैरीसारखा काढू लागली. तिचं "सॉरी" मात्र थांबलं नाही. शिट्टी वाजली तेव्हा खारघर एका बास्केटनं पुढे होतं.

वाशीचे कोच अभिराम सर हात मिळवायला आले.

"सर, तुमच्या त्या उंच मुली कुठायत?" मॅडमनी विचारलं.

"काढल्या ना सगळ्या!" सर हताशपणे म्हणाले. "गेल्या वर्षी जिंकलो खरे, पण तुमच्या पोरींनी असं पळवलं की मला झोप नाही लागली. म्हटलं, टीम असावी तर अशी. वर्षभर शोधून शोधून तसल्याच गोळा केल्या."

ज्या टीमची मॅडमना वर्षभर लाज वाटली होती, तिच्यापायी वाशीत कुणीतरी जागं होतं.

"अबोली, इकडे ये," त्यांनी हाक मारली आणि अभिराम सरांकडे वळल्या. "सर, आत्ता जे बोललात ना, ते परत एकदा बोला. हिच्यासमोर."