कासवाची आंघोळ

"आई, कशाला हात लावायचा नाही, काही वाहायचं नाही. फक्त बघायचं!" फेरीबोटीतून गाडी बेटावर उतरवताना शंतनूने तिसऱ्यांदा बजावलं.

त्याची ग्रीन कार्डाची फाइल नऊ वर्षं रांगेत होती आणि आता कुठे नंबर लागायची चिन्हं दिसत होती. तेव्हापासून हा गृहस्थ आपल्या बॉथेल गावच्या रिकाम्या रस्त्यावरही स्टॉप साइनला तीन आकडे मोजून थांबायचा. कुठल्याही सरकारी कागदावर आपलं नाव चढू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

समुद्राकाठचं ते पार्क फेंगशुईप्रमाणे मांडलेलं होतं. टोकाला दगडी ड्रॅगन, अलीकडे गोल दरवाजा आणि दरवाजासमोर दगडी कासव. घात झाला तो इथेच. दारातल्या कासवाला नमस्कार न करता आत जाणं त्याच्या आईला, शुभाताईंना, जन्मात जमलं नव्हतं. शंतनू पार्किंगचं तिकीट काचेला लावून येतो तोवर त्यांनी चपला काढल्या, पर्समधली डबी उघडली आणि कासवाच्या कपाळी ठसठशीत कुंकू लावलं.

"आई! अगं, हे देऊळ नाहीये!"

"मग कासव कशाला ठेवलंय?"

शंतनूने बाटलीतलं पाणी ओतलं. कुंकू जायच्या ऐवजी पसरलं. दुसरी बाटली ओतली, तसं कासव मानेपर्यंत गुलाबी झालं. मग त्याने रुमाल काढून घासायला सुरुवात केली.

"याला आंघोळ घातली की लक येतं का?" मागून एका अमेरिकन आजींनी इंग्रजीत अदबीने विचारलं.

"येस, येस! व्हेरी गुड लक!" शंतनूच्या आधी शुभाताईच बोलून गेल्या.

झालं! पाच मिनिटांत पंधरा माणसं बाटल्या घेऊन रांगेत. कोणी पाठ चोळतंय, कोणी पाय. तेवढ्यात पार्कची हॅटवाली रेंजरबाई आली आणि शंतनूने रुमाल पाठीमागे लपवला.

"मॅम, माय फॉल्ट! माय मदर इज जस्ट व्हिजिटिंग..."

रेंजरबाई कासवाकडे बघतच राहिली. कुंकू गेलं होतंच, पण समुद्रपक्ष्यांनी वर्षानुवर्षं केलेला राडाही गेला होता. कासव नव्यासारखं दिसत होतं.

"तीन वर्षं व्हॉलंटियर शोधतेय मी," ती म्हणाली, "एक माणूस फिरकला नाही!"

तिने लगेच फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, सही. शंतनूने तीन आकडे मोजून सही केली. पण बदल्यात पार्कच्या शिक्क्याचं आभारपत्र हातात पडलं. त्याने ते दोनदा वाचलं. फाइलला जोडायला काय हरकत आहे? कितीतरी दिवसांत प्रथमच त्याला मोकळं वाटलं.

"ड्रॅगनही फार मळलाय," रेंजरबाई आशेने म्हणाली. "तो कधी जमेल?"

पुढच्या वर्षी बघू, असं सांगायला शंतनूने तोंड उघडलं आणि सहज ड्रॅगनकडे नजर टाकली. ड्रॅगनचं कपाळ लालभडक झालं होतं. खाली शुभाताई शांतपणे चपला चढवत होत्या.

"शंतनू," त्यांनी तिथूनच हाक मारली, "बाटल्या भरून आण रे!"