मास्तरांनी फ्रिजचं दार घट्ट बसवलं

"पंधरा दिवस दे मला फक्त! या धुडाची विजेची खादाडी निम्म्यावर आणली नाही, तर मला मास्तर म्हणू नकोस!"

"मी कुठे म्हणते तुला मास्तर?" लोसा कांदा चिरता चिरता म्हणाली.

सामोआतल्या सालेलोलोंगा बंदराच्या धक्क्याजवळ तिची खाणावळ होती, आणि खाणावळीत होता पुरुषभर उंचीचा, चाकांवरचा, स्टीलचा फ्रिज. नवरा पेसामिनो तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून नुकताच निवृत्त झाला होता. समोर वर्ग नाही म्हटल्यावर त्याने फ्रिजलाच विद्यार्थी करून घेतलं. हा प्राणी दिवसभर घुरघुरतो का? क्षणभरही थांबत कसा नाही? मास्तरांची झोप उडाली.

आधी त्यांनी फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला. मागच्या जाळीवर धूळ आणि तेलाची अशी गोधडी साचली होती, की बिचाऱ्याला घाम फुटला नसता तरच नवल! जाळी घासली. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. ती सुळकन बाहेर!

"बघ लोसा! दाराचं रबर गेलंय! गारवा इथून पळतोय!"

मग दार दिवसातून किती वेळा उघडतं तेही त्यांनी मोजून वहीत लिहिलं. दोनशे अकरा वेळा.

"त्यातल्या त्रेसष्ट तुमच्या, मास्तर," खाणावळीत वाढपाचं काम करणारी सिऊला म्हणाली. "थर्मामीटर बघायला."

हा आकडा मास्तरांनी वहीत उतरवला नाही.

नवं रबर राजधानी आपियाहून बोटीने आलं, ते नेमकं शनिवारी सकाळी नऊला. त्या दिवशी दुपारी महिला समितीच्या चाळीस बायका जेवायला यायच्या होत्या. लोसा पहाटे चारला उठून नारळ खवत बसली होती. नारळाच्या दुधात आणि लिंबात मुरवलेल्या ट्यूनाची, म्हणजे ओकाची, पाच पातेली फ्रिजमध्ये होती.

"आज नको हं, पेसा."

"अगं, अर्ध्या तासाचं काम!"

पातेली बर्फाच्या पेटीत गेली. मास्तरांनी फ्रिजची वायर काढली, जुनं रबर उपटलं आणि नवं चिकटवलं. गोंद शेजारच्या नावाड्याकडून आणलेला होता, होडीच्या फळ्या सांधायचा. लाटांना दाद देत नाही, तर दाराला काय देणार! पातेली परत आत ठेवली, दार दाबून लावलं.

"मी सांगेपर्यंत कुणी उघडायचं नाही! रबर नीट बसू दे!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं कुणीतरी ऐकलं.

साडेअकराला लोसाने मूठ धरून ओढली. दार हललं नाही.

"उघडत नाहीये."

"उघडत नाहीये म्हणजे झकास बसलंय!" मास्तर खुशीत आले. मग त्यांनीही ओढून पाहिलं. खुशी गेली. गोंद रबराच्या दोन्ही बाजूंनी ओघळला होता!

लोसाने मूठ धरली, सिऊलाने लोसाची कंबर धरली, आणि मास्तर म्हणाले, "ओढा!"

दार उघडलं नाही. पण फ्रिज निघाला! चाकं अडवणारे खटके मास्तरांनीच सोडून ठेवले होते. लग्नाच्या वरातीसारखा डुलत तो स्वयंपाकघरातून निघाला आणि थेट जेवणाच्या दालनात जाऊन उभा राहिला. समोर एकाच फुलाफुलांच्या कापडाचे पोशाख घातलेल्या चाळीस बायका.

"वा!" समितीची प्रमुख फेतूई म्हणाली. ती मास्तरांची थोरली चुलत बहीण. "आता फ्रिजच पंगतीत वाढायचा का, पेसामिनो?"

मास्तरांचं लक्ष मागे लोळणाऱ्या वायरीकडे गेलं. "अरेच्चा! ही आता ओढताना निघाली?"

"निघायला ती लावली कधी होती?" सिऊला म्हणाली. "सकाळी काढलीत ती तशीच!"

लोसाचा चेहरा उतरला. नऊपासून वीज नाही, बाहेर अंगाची लाही होतेय, आणि आत पाच पातेली कच्चा मासा! ती खुर्चीवर जाऊन बसली. तिच्या बोटांना खोबरं खवताना पडलेले ओरखडे मास्तरांना दिसले. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"ताई," ते फेतूईला हळूच म्हणाले, "माझंच चुकलं."

"ते दिसतंय. आता बाजूला हो. सहाजणी मागून धरा गं! सहाजणी मुठीला!"

तेवढ्यात मास्तरांच्या डोक्यात आलं, की गोंद गरम पाण्याने सैल होईल का? होईल की! किटली आली, दाराच्या फटीवर धार पडली, मासे साफ करायची पातळ सुरी फिरली.

"एऽऽक! दोऽऽन!" होड्यांच्या शर्यतीसारख्या बायका एका तालात ओढू लागल्या. फर्रर्र! दार उघडलं, अख्खं रबर एका पट्टीत निघालं आणि फुलांच्या हारासारखं मास्तरांच्या गळ्यात पडलं. आतून गार वाफ आली.

मास्तर थर्मामीटरकडे झेपावले. "पाच! सकाळी तीन होता! अडीच तास वीज नाही आणि चढला फक्त दोन अंश! लोसा, कळतंय का तुला हे?"

लोसाने आधी पातेलं चाचपलं, मग एक तुकडा तोंडात टाकला. गार होता, ताजा होता. तिने डोळे मिटले, मग उघडून नवऱ्याकडे बघितलं.

"आधी वायर लाव," ती म्हणाली. पण हसली.

जेवणं सुरू झाली. मास्तरांना चाळीस श्रोत्यांचा वर्ग मिळाला! जाळी का घासावी, भिंतीपासून अंतर का ठेवावं, दार किती वेळा उघडावं, सगळं त्यांनी रंगून सांगितलं. फेतूई बोटं चाटत एकाग्र होऊन ऐकत होती.

"गोंद कुठला म्हणालास?"

"होडीचा. पण ताई, तो चुकून..."

"मंगळवारी घरी घेऊन ये. आमचा म्हातारा दुपारी उठून फ्रिज साफ करतो, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य गेलं खड्ड्यात! रबर-बिबर काही नको. नुसता गोंद पुरे!"

"माझ्याकडेही!" पलीकडून आवाज आला. "माझ्याकडे आधी! माझा नवरा तर रात्रीचं जेवणही ठेवत नाही!"

सिऊलाने मास्तरांचीच वही उघडली आणि नावं लिहायला घेतली. सतरा झाली.

जाळीबद्दल कुणीच काही विचारलं नाही.