पूर्व-धुलाई नियमावली

जुलै महिन्याच्या दोन तारखेला, सकाळी साडेदहा वाजता, देगू शहरातल्या प्यो दॉकसू यांच्या घरातलं भांडी घासण्याचं पद रिकामं झालं.

या पदावर गेली एकेचाळीस वर्षं त्यांच्या पत्नी नो मालसुन एकट्याच काम पाहत होत्या. नेमणुकीचा कागद नव्हता, रजा नव्हती, निवृत्तीचं वय ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचं उजवं मनगट दाबून पाहिलं आणि त्या खुर्चीतून अर्धी वीत वर उडाल्या.

"नस सुजलीये," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने घासणं, रगडणं, पिळणं बंद. ऐकलंत तर आपोआप उतरेल. नाही ऐकलंत तर कापावं लागेल, आणि कापल्यावर बोटांत पहिल्यासारखा नेम येईल याची हमी मी देणार नाही."

बाकी कशाचं नाही, पण त्या 'नेम' शब्दाचं मालसुनबाईंना भय वाटलं. गेली सहा वर्षं त्या नागरिक केंद्रात कुंचल्याने सुलेखन शिकत होत्या. ऑक्टोबरच्या चौदा तारखेला वर्गाचं प्रदर्शन होतं, आणि गुरुजींनी यंदा पहिल्यांदाच त्यांना भिंतीवरचा एक खिळा दिला होता. चौदा नंबरचा, दाराजवळचा. तिथे त्यांच्या हातचा कागद लागणार होता, खाली त्यांचं नाव. आजवर त्यांचं नाव भिंतीवर झळकलं असेल तर ते दवाखान्याच्या फलकावर, तेही नंबर येईपर्यंत.

दॉकसूसाहेब सरकारी कचेरीत अर्ज तपासून निवृत्त झाले होते. त्यांनी प्रश्न लगेच हाती घेतला, म्हणजे मुलीला फोन लावला. मुलगी हेजिन सोलला असते. तिने वेळ घालवला नाही.

"बाबा, तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे. तुम्ही घासा ना!"

"मी नाही म्हणालो का? पण कामाची पद्धत ठरलेली नाही. पद्धत ठरल्याशिवाय हात घालणं बेजबाबदारपणाचं होईल."

"पद्धत कसली त्यात? घासणी घ्यायची, साबण लावायचा..."

"हे बघ, तोंडी सूचनांवर मी चाळीस वर्षांत एकही काम केलेलं नाही."

"लेखी सूचनांवर तरी कुठे केलंत!" शेजारी बसलेल्या मालसुनबाई पुटपुटल्या.

हेजिनने कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी भांडी धुण्याचं यंत्र घरी पाठवलं.

यंत्र देखणं होतं. आत दोन जाळीदार कप्पे, दाराशी हिरवा दिवा. मालसुनबाईंनी त्याच्या दारावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात चौदा नंबरच्या खिळ्याला सांगितलं, येते रे बाबा. साहेबांनी मात्र आधी चौसष्ट पानांची माहितीपुस्तिका लाल पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. पान अकरा, ओळ चार इथे ते थांबले. 'भांड्यांतलं खरकटं काढून मगच भांडी आत ठेवावीत.'

"खरकटं म्हणजे काय याची व्याख्या दिलेली नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "भाताचं शीत म्हणजे खरकटं का?"

"हो."

"शिताचा चिकटा?"

"तोही म्हणा हवं तर."

"आणि किमची लोणच्याचा लाल डाग?"

"अहो, तो काढायलाच तर यंत्र आणलंय!"

"असं तू म्हणतेस. पुस्तिका म्हणत नाही. उद्या डागामुळे बिघाड झाला आणि कंपनीने हमी नाकारली, तर जबाबदार कोण?"

जबाबदार कोण, या प्रश्नाला त्यांच्या कचेरीत कधी कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. घरीही कुणी दिलं नाही. दोन दिवसांत 'पूर्व-धुलाई नियमावली' तयार होऊन फ्रीजवर चिकटली. नियम एक: कोणतंही भांडं भिजवून, घासून, विसळल्याशिवाय यंत्रात जाणार नाही. नियम दोन: विसळलेलं भांडं पांढऱ्या कागदी रुमालाने पुसून पाहिलं जाईल, रुमाल रंगल्यास भांडं शेरा मारून परत येईल. नियम तीन: रोजची नोंद तक्त्यात होईल. तक्त्यात तीन चौकटी होत्या: कार्यवाहक, तपासनीस, मंजुरी अधिकारी. घरात माणसं दोन, म्हणून मागच्या दोन चौकटी साहेबांनी स्वतःवर घेतल्या. केवढा तो त्याग!

पुढे पुस्तिकेच्या तेविसाव्या पानावर यंत्रात न चालणाऱ्या भांड्यांची यादी होती. पितळेचे वाडगे नको, लाकडी नको, लाखेचं नको, दगडी हंडी नको, न चिकटणारा तवा नको, लोखंडी कढई तर नकोच नको. एवढी वजाबाकी झाल्यावर यंत्राच्या वाट्याला आल्या लोणच्या-भाज्यांच्या अकरा बश्या आणि चार पेले. पण नियम पाच म्हणत होता की अर्धं रिकामं यंत्र चालवणं हा विजेचा अपव्यय आहे. गणपूर्ती होईना.

साहेबांनी तोडगा काढला. कपाटातल्या स्वच्छ बश्यांना गणपूर्तीसाठी हजर राहण्याचा आदेश निघाला. मात्र नियम एकला अपवाद नसल्यामुळे त्या बश्याही आधी भिजवून, घासून, विसळून घ्याव्या लागल्या. सहा महिन्यांत ज्या बशीला कुणी बोट लावलं नव्हतं, ती आता दिवसातून दोनदा आंघोळ करून मग आंघोळीला जाऊ लागली.

"अहो, पूर्वी मी पंचवीस भांडी घासत होते," एक दिवस मालसुनबाई म्हणाल्या. "आता साठ घासते."

"घासत नाहीस. पूर्व-धुलाई करतेस. डॉक्टरांनी घासायला बंदी केलीये, पूर्व-धुलाईला नाही."

तक्त्यातली पहिली चौकट मालसुनबाई बारीक कुंचल्याने भरत. गुरुजींनी सांगितलं होतं, हात दुखत असेल तर मोठा कागद राहू दे, पण रोज निदान स्वतःचं नाव लिही. म्हणून रोज 'नो मालसुन'. साहेबांना ते आवडलं. कागदाला शोभा आली म्हणाले. कंपनीच्या संकेतस्थळावर त्यांनी पाच तारे देऊन अभिप्रायही लिहिला: 'पत्नीचे कष्ट शून्यावर आले. मला वेगळं काही करावं लागलं नाही.' तो अभिप्राय चारशे जणांना उपयुक्त वाटला.

सप्टेंबर संपता संपता छुसॉक, म्हणजे पितरांचा सुगीचा सण, आला. भावांत थोरल्याचं घर म्हणून पितरांचं ताट याच घरी मांडलं जायचं आणि दरवर्षी नऊ माणसं जेवायला असायची. यंदा यंत्र आहे हे कळल्यामुळे तेवीस आली. पूर्वी जेवणं झाली की दोन जावा बाह्या सरसावून सिंकपाशी उभ्या राहायच्या. यंदा त्या यंत्र बघायला उभ्या राहिल्या. पितरांची लाकडी भांडी एकेचाळीस होती. साहेबांच्या थोरल्या बहीणबाई चुनजा सोफ्यावरून म्हणाल्या, "मालसुन, लाकडी भांडी यंत्रात घालू नकोस हं! नियमात लिहिलंय दॉकसूने. किती बारकाईने बघतो गं हा!"

"वन्सं, हात फार दुखतोय हो."

"मग यंत्र कशाला आणलंय?"

"ते लाकूड घेत नाही ना."

"अगं, मग तेवढीच तर राहिली! काय मेलं ते कौतुक दुखण्याचं."

मालसुनबाईंनी एकेचाळीस भांडी घासली, पुसली, उन्हाला लावली. त्या दिवशी तक्त्यातली सही दोन ठिकाणी तुटली.

सणानंतर यंत्राचा हिरवा दिवा लाल झाला. कंपनीचा दुरुस्तीवाला बांग आला. चष्मा लावून त्याने आतली गाळणी काढली, उजेडात धरली, वास घेतला.

"काकू, हे यंत्र वापरता ना?"

"दिवसातून दोनदा."

"मग इथे भाताचं एक शीत कसं नाही? आमच्या दुकानातलं नवंकोरं यंत्रसुद्धा याहून घाण आहे! तुम्ही काय धुतलेली भांडी धुवायला घालता?"

"नियम आहे."

"कुणी केला?"

मालसुनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने फ्रीजकडे पाहिलं.

"अहो, मोठं खरकटं चमच्याने कचऱ्यात ढकला, बास!" बांग म्हणाला. "चिकटा, डाग, तेल, ते सगळं याचं काम. त्याच्या साबणाला खायला काही ठेवलंच नाही तर तो बिचारा करणार काय? आणि पितळ लाकूड आठवडाभर कपाटात ठेवून साध्या चिनी मातीत जेवा की. कुणी अडवलंय?"

मालसुनबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढं सोपं! तेरा दिवस उरले होते प्रदर्शनाला, तेरा दिवस हात उशीवर ठेवून बसल्या असत्या. त्या नवऱ्याकडे वळल्या, पण साहेबांनी टोपण काढलेलं पेन बांगच्या पुढे धरलं होतं.

"हे लेखी द्याल?"

"लेखी? साहेब, मी नळीचा पीळ काढायला आलोय."

"मग सध्या पान अकराच लागू," साहेब म्हणाले आणि पेनला टोपण लावलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मालसुनबाईंनी मोठा कागद पसरला, शाई घोटली, कुंचला उचलला. बोटं मिटलीच नाहीत. कुंचला घसरला आणि कागदाच्या मधोमध मुठीएवढा डाग पडला. त्या त्याच्याकडे बघत बसल्या. मग मोठ्याने रडल्या, एकेचाळीस वर्षांत या घरात त्या कधी रडल्या नव्हत्या अशा. सणानंतर पुन्हा मनगट दाखवल्यावर डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी याच महिन्याची वीस तारीख दिली होती. रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, फ्रीजवरचा तक्ता काढला, त्याखाली साठलेली सगळी पानं काढली आणि डाव्या काखेत घालून गुरुजींकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी चौदा नंबरच्या खिळ्यावर छतापासून जमिनीपर्यंत, ती सगळी पानं एकाखाली एक चिकटवून केलेला, एक लांब पट्टा टांगलेला होता. शंभर दिवस, शंभर सह्या. वरच्या सह्या ताठ, काळ्याभोर, प्रत्येक फटकारा जिथल्या तिथे. मधल्या कलायला लागलेल्या. छुसॉकच्या खाली तुकडे. शेवटच्या ओळीत नाव नव्हतंच, वरून खाली ओघळलेली एक रेघ. आणि प्रत्येक ओळीत शेजारी दोन चौकटी निळ्या पेनाने नीट भरलेल्या: तपासलं, मंजूर. तपासलं, मंजूर. बघायला आलेल्या बायका तिथे येऊन ओळीओळीवर बोट फिरवत वाचत होत्या. एक जण तर स्वतःचं मनगट चोळत उभी राहिली.

दॉकसूसाहेब आले. चष्मा पुसून त्यांनी पट्टा वरून खाली वाचला, ओणवे होऊन शेवटची ओळ वाचली.

"मालसुन," ते कमरेवर हात ठेवून सरळ होत म्हणाले, "या खालच्या सह्या वरच्या सहीशी जुळत नाहीत. कचेरीत असं प्रकरण मी परत पाठवलं असतं."

"पाठवा ना परत," मालसुनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या चार बायका वळल्या. "माझी सही ती वरची. खालची माझी नाहीच. म्हणजे कार्यवाहकाची जागा रिकामी आहे. नियम नऊ काय म्हणतो?"

नियम नऊ साहेबांचा आवडता होता. 'पद रिक्त झाल्यास अतिरिक्त कार्यभार लगतच्या वरिष्ठाकडे राहील.' भाषा त्यांचीच होती. तिच्यात खोट काढणं त्यांना शक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ते सिंकपाशी उभे राहिले. मालसुनबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. पहिला वाडगा साहेबांनी भिजवला, घासला, विसळला आणि सवयीने कागदी रुमालाने पुसला. रुमाल लाल झाला. शेरा कुणाच्या नावे मारावा, ते त्यांना कळेना. सात वाजून चोवीस मिनिटांनी त्यांनी हात पुसले आणि परिपत्रक काढलं. 'पान अकराचा फेरविचार करता, खरकटं याचा अर्थ मोठं खरकटं असा घ्यावा. पूर्व-धुलाई तत्काळ रद्द. पितळी व लाकडी भांडी पुढील आदेशापर्यंत माळ्यावर.'

शंभर दिवसांत जो पुरावा जमला नव्हता, तो चौदा मिनिटांत जमला. मालसुनबाईंना आधी हसू फुटलं आणि मागोमाग इतका संताप आला की त्यांनी डाव्या हाताने तो लाल रुमाल उचलून साहेबांच्या छातीवर फेकला.

शस्त्रक्रिया झाली. बोटं आता चमचा धरतात. कुंचल्याचं काही विचारू नका.

डिसेंबरमध्ये नागरिक केंद्राने घरकाम सोपं केल्याबद्दल दॉकसूसाहेबांचा सत्कार केला. "प्रश्नाच्या मुळाशी कुणीतरी हात घालावाच लागतो," असं ते भाषणात म्हणाले आणि टाळ्या झाल्या. त्यांचा तक्ता, तिन्ही चौकटींसह, ते राहत होते त्या इमारतीतल्या घराघरात वाटायचं ठरलं. मग चहा झाला. टेबलावर तीस कप तसेच राहिले. "राहू द्या, खाली यंत्र आहे," असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे समाधानाने उठले. टेबलावरून यंत्रापर्यंत कप चालत जात नाहीत, ही बाब एकट्या मालसुनबाईंच्या लक्षात आली. त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून त्या डाव्या हाताने उचलू लागल्या.

आपल्या घरी हा तक्ता अजून आला नसेल तर काळजी नसावी. कागदाशिवायही कारभार चालूच असतो. इथवर दॉकसूसाहेबांना हसलेल्या वाचकांनी फक्त एक करावं. हे वाचताना शेजारी ठेवलेला रिकामा कप आता कोण उचलणार आहे, तिचं नाव पहिल्या चौकटीत लिहावं. पुढच्या दोन चौकटी आपल्याच आहेत.