वामनमामाचा जांभळा दिवा

माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलाला वामनमामानं तोंड उघडायला लावलं, भर दुपारी खिडक्या बंद करवल्या आणि दातांवर जांभळा दिवा धरला. सगळे दात निळसर चमकले. एक नाही.

"हा बसवलेला आहे," मामानं जाहीर केलं.

लग्न झालं, पण आमचे जावई आजही मामासमोर ओठ मिटून हसतात.

मामा सरकारी खनिज प्रयोगशाळेत होता. तिथं दगडांवर असा अतिनील किरणांचा दिवा धरायचे. काही दगड त्यात चमकतात. आमचं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा लोक बंगले आणि बढत्यांबद्दल बोलत होते, मामा नव्या कचेरीच्या पडद्यांना दिवा दाखवत होता. निवृत्त झाल्यावर त्यानं स्वतःचा दिवा घेतला. तूप, अभ्रे, माझे कलप लावलेले केस, काही सुटलं नाही. पालुपद एकच: "चमकते ते सोड बे. नाही चमकत ते पाह्य."

मामी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेली. रक्त जात होतं, तिला वाटलं मूळव्याध. कोणाला न सांगता सुरणाची भाजी खात राहिली. आमच्या घराण्यात माणूस गुडघ्याबद्दल तासभर बोलेल, त्या जागेबद्दल चकार शब्द काढणार नाही.

मी याच घराण्यातला. मलाही तीन महिने रक्त जात होतं. मी दोष ठेच्याला दिला आणि ठेचाही सोडला नाही.

एका रविवारी मामा पुरानी बस्तीतून आमच्या तेलीबांध्याच्या घरी आला. खिशात वर्तमानपत्राचं कात्रण.

"ऐक. आतड्यात दुर्बीण घालून निळा उजेड टाकतात. चांगली जागा हिरवी चमकते, बिघडलेली काळपट दिसते. आपलाच दिवा, पोट्ट्या!"

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, माझ्या एका मित्राला..."

"मित्राले रक्त कधीपासून जाऊन राहिलं?"

मी घड्याळाकडे पाहू लागलो.

"बायकोले सांगितलं?"

"नाही. लाज वाटते."

मामानं कात्रणाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "घरातली एकेक वस्तू पाह्यली मी दिव्याखाली. तुही मामी न्हाणीतून पांढरीफटक होऊन बाहेर ये. दिसे मले. तिले विचारलं नाही." मग खेकसला, "उद्या सकाळी तयार राह्य!"

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं कात्रण नीट वाचलं. "दादाजी, इस पर अभी रिसर्च चल रही है. हमारे यहाँ सादी रोशनी है."

मामानं पिशवीतून दिवा काढून टेबलावर ठेवला. "तो ये रख लो."

मला जमिनीनं गिळावं असं झालं. डॉक्टर मात्र हसला नाही. "दूरबीन से भी दिख जाएगा, दादाजी. आप बाहर बैठिए."

मामा दिवा मांडीवर घेऊन बाहेर बसला. आत आतड्यावर वाढलेला एक मस सापडला, तो काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण राहू दिला असता तर पुढं झाला असता.

मी पेढे आणि रिपोर्ट घेऊन मामाकडे गेलो. दुपार होती, तरी खिडक्या बंद. दार नुसतं लोटलेलं. मामा पलंगावर बसला होता, दिवा लावलेला, मांडीवर मामीची पांढरी सुती साडी. जांभळ्या उजेडात ती निळी लखलखत होती.

"तिनं धुतलेली शेवटची," तो म्हणाला. "साबणाची चमक आहे. मी पाण्यात घातली नाही. पाहून राहतो, उरली का म्हणून."

मी रिपोर्ट पुढं केला. त्यानं तो दिव्याखाली धरून, ओळीवर बोट ठेवत, शेवटपर्यंत वाचला. मग साडीवर ठेवला, हलक्या हातानं, जसं कोणाला दाखवायला ठेवावं.

"याले विचारलं हो मी," तो म्हणाला. माझ्याशी नाही.